समाजकार्य आणि बालपणाची पहिली सहा वर्षे : विद्यापीठात हा विषय शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

समाजकार्याच्या महाविद्यालयांत दरवर्षी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना आपल्याला लहान मुलांसाठी काम करायचे आहे एवढे पक्के ठाऊक असते. पण त्यासाठी नेमका कोणता अभ्यासक्रम निवडावा, पहिल्या वर्षी काय शिकवले जाते आणि वस्तीत गेल्यावर नेमके काय करायचे असते, याची कल्पना नसते. मी स्वतः अशीच या शिक्षणाकडे आले आणि आता क्षेत्रकार्याला, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाला, येणाऱ्या विद्यार्थ्यांचे पर्यवेक्षण करते. त्यांच्या पहिल्या सहा महिन्यांतल्या अडचणी बहुतेक सारख्याच असतात, म्हणून त्या क्रमाने हे लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. समाजकार्याच्या पद्धती, बालविकास आणि सामाजिक विविधता हे विषय वेळापत्रकात वेगवेगळ्या तासांना असतात आणि विद्यार्थी ते वेगवेगळ्या वह्यांत उतरवून घेतात. अंगणवाडीत बसलेल्या चार वर्षांच्या मुलीला मात्र तुकड्यातुकड्यांनी पाहता येत नाही. तिचे वजन, तिची घरची बोली, तिच्या आईच्या कामाच्या वेळा आणि तिच्या कुटुंबाकडे जातीचा दाखला असणे किंवा नसणे, हे सगळे एकत्रच समोर येते. पुढच्या सर्व पायऱ्या हे लक्षात ठेवूनच वाचाव्यात.

पहिली पायरी : कोणता अभ्यासक्रम

बारावीनंतर बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, प्रवेश घेता येतो. कोणत्याही शाखेची पदवी असलेल्यांसाठी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, हा दोन वर्षांचा, चार सत्रांचा अभ्यासक्रम असतो. मुंबईत १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले आणि देशात समाजकार्याच्या व्यावसायिक शिक्षणाला तिथून आरंभ झाला. नागपाड्याच्या कष्टकरी वस्तीत काम केलेले क्लिफर्ड मॅनशार्ट हे या संस्थेचे पहिले संचालक होते. हीच संस्था आज टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. मुंबईचे निर्मला निकेतन १९५५ पासूनचे, तर पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था १९६३ पासूनची आहे. यांशिवाय नागपूरपासून जळगावपर्यंत अनेक जिल्ह्यांत समाजकार्य महाविद्यालये आहेत. काही ठिकाणी दुसऱ्या वर्षी कुटुंब व बालकल्याण हा विशेष विषय घेता येतो, काही ठिकाणी सर्वांना एकच सामान्य अभ्यासक्रम असतो. अर्ज भरण्यापूर्वी त्या महाविद्यालयाची अभ्यासक्रम-पुस्तिका मागून हे तपासून घ्यावे.

दुसरी वाट मानव विकास या विषयाची आहे. ती गृहविज्ञानाच्या परंपरेतून आलेली असून एसएनडीटी महिला विद्यापीठात तो विषय शिकवला जातो. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका नोकरी सांभाळून करता येते. माझे मत असे की, ज्यांना मुलांबरोबर रोज बसून गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे आहेत, वर्ग चालवायचा आहे, त्यांनी मानव विकास किंवा बालशिक्षण घ्यावे. आणि ज्यांना त्या मुलाच्या घराशी, वस्तीशी, ग्रामपंचायतीशी आणि सरकारी कचेरीशी बोलायचे आहे, त्यांनी समाजकार्य घ्यावे. पहिल्या प्रकारचे काम आवडणारी व्यक्ती चुकून दुसऱ्या अभ्यासक्रमात आली, तर दोन वर्षे तिची घुसमट होते. असे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

दुसरी पायरी : प्रवेश, कागदपत्रे आणि खर्च

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र एवढी कागदपत्रे निकाल लागण्यापूर्वीच हाताशी ठेवावीत, कारण तहसील कार्यालयातील रांग नेमकी प्रवेशाच्या दिवसांत वाढते. शिष्यवृत्तीचे आणि शुल्क-प्रतिपूर्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरावे लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. आपला अभ्यासक्रम आणि महाविद्यालय त्या योजनेत बसते का, हे शुल्क भरण्यापूर्वी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात विचारावे. क्षेत्रकार्याला जाण्यायेण्याचा बसचा व लोकलचा खर्च कोणत्याच पुस्तिकेत छापलेला नसतो, पण तो दर महिन्याला होतो. तो आधीच धरून चालावे.

मुलाखत असेल, तर तिथे ‘मला समाजसेवेची आवड आहे’ या वाक्याने काही साधत नाही. त्याऐवजी मुलाखतीपूर्वी जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंची परवानगी घेऊन दोन सकाळी शांतपणे बसून यावे. मुले किती वाजता येतात, कोण त्यांना सोडायला येते, खिचडी कुठे शिजते, कोणती मुले दाराशीच थांबतात, एवढे पाहिलेले विद्यार्थी मुलाखतीत वेगळेच बोलतात.

तिसरी पायरी : पहिल्या सत्राचे वाचन

समाजकार्याच्या सहा पद्धती पहिल्या वर्षीच येतात : व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन, समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती. वर्गात सगळे त्यांना केसवर्क, ग्रुपवर्क असेच म्हणतात. या पद्धतींवरील पुष्कळसे लेखन इंग्रजीत आणि परदेशी उदाहरणांनी भरलेले असल्याने मराठी माध्यमातून आलेले विद्यार्थी खचतात. त्यांनी एक करावे : प्रत्येक संकल्पनेसमोर आपल्या गावातले एक उदाहरण मराठीत लिहून ठेवावे. परीक्षेतही त्याचा उपयोग होतो.

त्याचबरोबर आपल्या भूमीतला इतिहास वाचावा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ताराबाई मोडक यांनी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्याबरोबर १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, १९४५ मध्ये त्या आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डीला आल्या आणि अनुताई वाघ तिथे त्यांच्या सहकारी झाल्या. मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून त्यांनी बालवाडीच वाड्या-पाड्यांवरील मुलांच्या अंगणात नेली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द रूढ झाला. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत बसणे शक्य नव्हते, म्हणून गुरे चरतात त्या कुरणावरच शाळा भरवण्याचा कुरणशाळेचा प्रयोग या दोघींनी केला. समुदाय संघटनाच्या पाठ्यपुस्तकात ‘लोक जिथे आहेत तिथून सुरुवात करा’ हे तत्त्व येते, तेव्हा ही कुरणशाळा आठवावी.

कायद्याची चौकटही याच सत्रात पक्की करावी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या सहा सेवा म्हणजे पूरक पोषण आहार, अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण, पोषण व आरोग्य शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी आणि संदर्भ सेवा, म्हणजे गरज पडल्यास पुढच्या उपचारांसाठी दवाखान्यात पाठवणे. संविधानातील २००२ च्या ८६व्या दुरुस्तीने ६ ते १४ या वयोगटाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. सहा वर्षांखालील मुलांचे संगोपन व शिक्षण मात्र अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा पायाभूत स्तर मानला, तरीही तीन वर्षांच्या मुलाच्या बालवाडीसाठी सहा वर्षांच्या मुलाइतका भक्कम हक्क सांगता येत नाही. हा फरक ज्यांना कळला, त्यांना अंगणवाडीच्या भाड्याच्या खोलीचा प्रश्न इतकी वर्षे का रेंगाळतो हेही कळू लागते.

चौथी पायरी : क्षेत्रकार्य

साधारणपणे आठवड्यातील दोन दिवस, एकूण सुमारे पंधरा तास क्षेत्रकार्य असते. अंगणवाडी, बालगृह, महापालिकेचे रुग्णालय, बांधकामावरील मजुरांच्या मुलांचे पाळणाघर किंवा एखादी वस्ती तुमच्या वाट्याला येते. दर आठवड्याला पर्यवेक्षकांबरोबर स्वतंत्र बैठक होते, तिला सगळे ‘आयसी’ म्हणतात. वर्षातून एकदा ग्रामीण शिबिर होते आणि शेवटी महिनाभराचे ‘ब्लॉक प्लेसमेंट’, म्हणजे एका संस्थेत सलग पूर्णवेळ काम, असते.

पहिल्या दिवशी काय करावे? सेविकेला ताई आणि मदतनिसांना मावशी किंवा ताई म्हणून नमस्कार करावा, आपण तपासणीला आलेलो नाही हे स्पष्ट सांगावे आणि मुलांच्या बरोबरीने चटईवर बसावे. ताईंच्या कामाच्या वेळेत प्रश्नावली काढू नये. सकाळी हजेरी, आहार, वजन-उंचीच्या नोंदी, पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपवरची माहिती, गृहभेटी आणि घरपोच आहाराचे वाटप, हे सारे त्या एकट्या सांभाळतात, आणि तेही मानधनावर. अंगणवाडी सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. त्यांच्या कामाविषयीचा आदर तुमच्या बोलण्यात दिसला नाही, तर त्या वर्षभरात तुम्हाला काहीही शिकायला मिळणार नाही.

दंडघेर मोजायला मात्र पहिल्याच महिन्यात शिकून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षांखालील मुलाच्या डाव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधला घेर पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित गटात, म्हणजे पट्टीवरच्या लाल रंगात येते, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल तर मध्यम गटात, म्हणजे पिवळ्या रंगात. पट्टी आवळली किंवा सैल सोडली, तर मूल चुकीच्या रंगात जाते. म्हणून आधी बाहुलीवर, मग ताईंच्या देखरेखीखाली सराव करावा, आणि मुलाला पट्टी हातात घेऊन खेळू द्यावे, म्हणजे ते दंड आखडून धरत नाही.

पाचवी पायरी : नोंदी लिहिणे

सगळ्या शिक्षणाचा कस इथे लागतो, म्हणून इथे थोडे थांबते. प्रत्येक क्षेत्रकार्याच्या दिवसाचा अहवाल लिहून द्यावा लागतो. त्याला ‘रेकॉर्डिंग’ म्हणतात. माझ्या पहिल्या वर्षी मी एका अडीच वर्षांच्या मुलाच्या घरी गेले होते. त्याचा दंडघेर पिवळ्या पट्ट्यात होता, दुपारी साडेबारा वाजता तो उपाशी होता आणि आठ वर्षांची बहीण त्याला कडेवर घेऊन दारात उभी होती. मी लिहिले, ‘आई निष्काळजी आहे, मुलाच्या आहाराकडे तिचे लक्ष नाही.’ माझ्या पर्यवेक्षिकेने ‘निष्काळजी’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि समासात एवढेच लिहिले : ‘तुम्ही डोळ्यांनी काय पाहिले?’

मी पुन्हा गेले, आई घरी असताना. ती पहाटे साडेपाचला चार घरची धुणीभांडी करायला निघत असे आणि एक वाजता परतत असे. निघण्यापूर्वी ती दोन भाकऱ्या आणि डाळ करून स्टीलच्या डब्यात भरून फळीवर ठेवत असे. उंदरांमुळे घट्ट झाकणाचाच डबा लागे. ते झाकण आठ वर्षांच्या मुलीला उघडत नव्हते. ती आईला हे सांगत नव्हती, कारण धाकट्याला वेळेवर भरवले नाही म्हणून बोलणी बसतील अशी तिला भीती होती. मोठ्या तोंडाचा, फिरकीच्या झाकणाचा डबा आला आणि खाण्याचा प्रश्न त्याच आठवड्यात सुटला. पण त्या झाकणामागे दुसरी गोष्ट उभी होती. ती मुलगी तिसरीच्या वर्गातून घरी बसली होती, कारण धाकट्याला सांभाळायला दुसरे कोणी नव्हते. वस्तीत पाळणाघर नव्हते. आज पाळणा योजनेखाली अंगणवाडीला जोडून पाळणाघर मागता येते. तेव्हा आम्ही शेजारच्या आजींशी बोललो आणि त्या दोन तास भावाला सांभाळायला तयार झाल्यावर मुलगी दुपारच्या सत्राच्या शाळेत जाऊ लागली.

अहवाल लिहिताना पानाचे दोन भाग करावेत, हे मी त्या दिवसापासून करते. डावीकडे फक्त पाहिलेले आणि ऐकलेले : वेळ, जागा, कोण काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत. उजवीकडे आपल्याला काय वाटले. ‘अस्वच्छ’, ‘अशिक्षित’, ‘आळशी’, ‘सहकार्य करत नाही’ असे शब्द डाव्या भागात सापडले, तर ते खोडून तिथे नेमके दृश्य लिहावे. अहवाल त्याच रात्री लिहावा. दुसऱ्या दिवशीपर्यंत लोकांची वाक्ये आपल्या भाषेत बदलून गेलेली असतात.

सहावी पायरी : विविधता ओळखणे

‘हे मूल बोलतच नाही’ अशी तक्रार अंगणवाडीत वारंवार ऐकू येते. अशा वेळी विकासातील विलंबाचा विचार जरूर करावा, श्रवणाची तपासणी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्तींच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली आहेत आणि लवकर लक्षात आले तर पुष्कळ काही करता येते. मात्र त्याआधी एक साधा प्रश्न विचारावा : घरी कोणती भाषा बोलतात? मेळघाटात मूल कोरकू बोलत असेल, गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, नंदुरबारात पावरी किंवा भिली, पालघरात वारली. कोरकू ही मुंडा कुळातली आणि गोंडी ही द्राविडी कुळातली भाषा आहे, म्हणजे त्या मुलाच्या दृष्टीने मराठी ही आपल्या बोलीची थोडी बदललेली छटा नसून पूर्ण परकी भाषा आहे. पुण्यामुंबईतल्या बांधकामावर तर एका खोलीत तीन राज्यांतली मुले असतात. मुलाच्या आईकडून किंवा मोठ्या भावंडाकडून पाणी, भूक, शू, आई, दुखते, ये, बस असे वीस शब्द शिकून घ्यावेत आणि ते आपण वापरावेत. आपण चुकीचा उच्चार केला की मूल हसते आणि दुरुस्त करते. ज्या मुलाला कोणी बोलते करू शकले नव्हते, ते अशा वेळी पहिल्यांदा बोलते.

स्थलांतराचेही असेच आहे. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम संपल्यावर परततात. मधल्या काळात पटावर नाव गावी आणि मूल कारखान्याच्या तळावर, अशी स्थिती असते. ‘गैरहजर’ एवढी नोंद करून थांबू नये. कोणत्या कारखान्याकडे टोळी गेली ते विचारून तिथल्या अंगणवाडीशी नाव जोडले जाते का, हे पाहणे हे क्षेत्रकार्यच आहे.

भटक्या-विमुक्तांच्या पालावर जाण्यापूर्वी १८७१ चा, अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा वाचावा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती त्यातून मुक्त झाल्या, पण अनोळखी माणूस वही घेऊन पालावर आला की आजही लोक सावध होतात, आणि त्यांचे सावध होणे योग्यच आहे. पहिल्या भेटीत वही पिशवीतच ठेवावी. आणि स्वतःकडेही पाहावे. कोणाच्या घरचा चहा आपण सहज घेतला, कोणाकडे ‘आत्ताच झाला’ म्हणालो, हे आयसीमध्ये बोलण्याचे धैर्य दाखवावे. जातीविषयीचा पेपर पाठ होऊन ही सवय जात नाही.

सातवी पायरी : कायद्याने बांधलेल्या गोष्टी

लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा विद्यार्थ्यांनाही लागू आहे. असा गुन्हा घडल्याची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. मुलाने काही सांगितले तर पूर्ण ऐकावे, खोदून विचारू नये, ‘मी कोणालाच सांगणार नाही’ असे वचन कधीही देऊ नये, आणि त्याच दिवशी पर्यवेक्षकांना गाठावे. बालकांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा विधिसंघर्षग्रस्त (गुन्ह्याचा आरोप असलेल्या) बालकाची ओळख उघड करता येत नाही. म्हणून बालगृहातले फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवणे हा दंडनीय अपराध होऊ शकतो. अहवालातही नावाऐवजी खूण वापरावी, आणि अहवालांच्या प्रती वर्गमित्रांच्या गटावर पाठवू नयेत.

आठवी पायरी : पदवीनंतर आणि निरोप घेताना

जिल्हा बाल संरक्षण कक्ष, रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवक, स्वयंसेवी संस्था, तसेच एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील मुख्यसेविका व बालविकास प्रकल्प अधिकारी ही पुढची ठिकाणे आहेत. पात्रता जाहिरातीनुसार बदलते, म्हणून ती प्रत्येक वेळी मूळ जाहिरातीतच वाचावी. सुरुवातीची अनेक पदे कंत्राटी असतात, हे घरच्यांशी प्रवेशाच्या वेळीच मोकळेपणाने बोलून ठेवावे.

वर्ष संपताना बरेच विद्यार्थी शेवटच्या दिवशी खाऊ वाटतात आणि निघून जातात. लहान मुलांसाठी हे बरे नाही, विशेषतः बालगृहात, जिथे माणसे निघून जाण्याचा अनुभव मुलांना आधीच पुष्कळ असतो. तीन आठवडे आधी सांगावे. चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या महिन्यात’ कळत नाही, म्हणून तुमच्या उरलेल्या भेटींइतके चिंचोके एका वाटीत ठेवावेत आणि प्रत्येक भेटीनंतर एक मुलाने स्वतः काढून घ्यावा. पुढच्या वर्षी येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी कोणत्या मुलाला कोणते गाणे आवडते, कोण अंधाराला घाबरते, कोणाच्या घरी कोणती बोली आहे, हे एका वहीत लिहून ती वही ताईंच्या ताब्यात द्यावी, आणि शक्य असेल तर त्या नव्या विद्यार्थ्याला एक दिवस आपल्याबरोबर नेऊन मुलांना त्याचे नाव सांगावे.